थोरलीचा हात

आमच्या घरी सरकारी पाहणीवाली मुलगी दोनदा आली, दोन्ही वेळा भर दुपारी. दोन्ही वेळा तिनं घरातल्या माणसांच्या शरीराविषयी आणि कामाविषयी विचारलं, आणि दोन्ही वेळा तिला 'न्हाय' असं उत्तर मिळालं. जिच्याबद्दल ते उत्तर होतं ती बाई तिच्यापासून हातभर अंतरावर, दारात बसली होती. ती बाई आता नाही, म्हणून सांगायला हरकत नाही.

आमचं घर निपाणीत. दोन खोल्या, मागं न्हाणी, पुढं रस्ता. गल्लीत नवं माणूस शिरलं की शिंकायला लागतं. आम्हाला शिंका येत नाहीत. तंबाखूची धूळ भिंतींवर बसते, वाळत घातलेल्या लुगड्यांवर बसते, देवाच्या फोटोवर बसते. मी चौथीपर्यंत शाळेत गेले आणि मग आईनं पुढ्यात सूप ठेवलं. तेव्हापासून विड्या बांधते. लग्न होऊन या घरात आले तेव्हा इथंही सुपंच होती.

आमच्या गल्लीत एक रीत आहे. ती कुणी कुणाला शिकवत नाही. दारातली जागा घरातल्या थोरल्या बाईची. उजेड तिथंच येतो, म्हणून बारदान तिथं अंथरायचं आणि थोरलीनं त्यावर बसायचं. बाकीच्यांनी आत, जमेल त्या उजेडात. थोरलीचा हात चालतो तोवर जागा तिची. हात थांबला की बारदान आत सरकतं. आत सरकलेली बाई दिवसभर माणसांच्या पायात येते. मग एक दिवस कुणीतरी म्हणतं, जरा विसाव्याला पाठवूया. विसाव्याला म्हणजे लेकीकडं, नाहीतर माहेरी. विसाव्याला गेलेली बाई परत आलेली मी अजून पाहिली नाही. यात कुणाचा दुष्टपणा नाही. दोन खोल्यांत किती जणांनी निजायचं?

आमच्या सासूबाई अशाच संकेश्वरला लेकीकडं गेल्या. हात लुळा पडला होता. जीपमध्ये बसताना त्यांनी सूप मागितलं. आम्ही म्हटलं, तिथं सूप काय करायचंय. तिथंच वारल्या. माझी नणंद सांगायची की शेवटी शेवटी त्यांची बोटं हवेत विड्या बांधायची. पान कापायचं, तंबाखू पसरायची, वळायचं, दोरा गुंडाळायचा, तोंड मुडपायचं. हात रिकामा, पण एकही पायरी चुकायची नाही. अंथरुणाशेजारी बसायची भीती वाटायची म्हणे.

सासूबाई डावऱ्या होत्या. ही गोष्ट लक्षात ठेवा. विडी बांधणाऱ्या प्रत्येक बाईचा हात वेगळा असतो. तोंड मुडपताना कोण नखानं दाबते, कोण काडीनं. अंधारात अंगठा फिरवून मी सांगू शकते की ही माझी आणि ही जावेची. पण सासूबाईंची विडी कुणीही ओळखली असती. डावऱ्या असल्यामुळं त्यांच्या विडीचं पान उलट्या अंगानं वळायचं, तोंडाची घडीही उलटी पडायची. त्यांनी लोहाराकडून उलट्या पात्यांची कात्री करून घेतली होती. त्यांचं सूपसुद्धा डाव्या कडेला झिजलेलं होतं. त्या गेल्यावर सूप आणि कात्री आम्ही आतल्या खोलीत खुंटीला टांगून ठेवली. फेकायला कुणाचं मन झालं नाही आणि वापरायला कुणाला येत नव्हती.

त्यांच्यामागं दारात माझी थोरली जाऊ बसली. मी तिला आक्का म्हणत असे. तिचा नवरा लवकर गेला, मूलबाळ नव्हतं. माहेर खानापूरकडं, गुंजीला. तिथं भावाचा मुलगा तेवढा राहिलेला. आक्का गुंजीचं नाव काढलं की तोंड वाकडं करायची.

"काय हाय तिथं?" म्हणायची. "एक टेसन आन् वर झाडं. पावसाळ्यात जळवा पायाला आन् भिंतीला बुरशी. माणूस बोलाया मिळत न्हाय. मी हितनं सरळ मसणात जाणार, गुंजीला जाणार न्हाय, सांगून ठेवती."

घरात मी, आक्का, माझा मुलगा आणि सून. मुलगा बाजारात दुकानावर कामाला आहे. जेवायला घरी येतो. सून शिवण शिवते. तिला तंबाखू सोसत नाही, म्हणून ती विड्यांना हात लावत नाही. कारखान्याचं कार्ड घरात एकच, आणि दोघींचा माल त्याच कार्डावर एकत्र जायचा. कुणी किती बांधल्या हे बघायला आम्हाला कधी गरज पडली नव्हती.

मुलगी पहिल्यांदा आली ते ऊन अजून आठवतं. गल्लीत कुत्रं नव्हतं. बेळगावहून आली होती, हातात पाटीएवढं यंत्र. यंत्रात प्रश्न कन्नडमध्ये लिहिलेले. ती आधी मनात वाचायची, ओठ हलवायची आणि मग आमच्यासाठी मराठी करायची. दारात आक्का बसलेली असल्यामुळं तिला आत यायला वाट नव्हती. आक्कानं उठायला पाहिजे होतं. ती उठली नाही. मुलगी उंबऱ्याबाहेरच पायरीवर टेकली आणि लगेच शिंकली.

"घरातल्या एका माणसानं सगळ्यांचं सांगितलं तरी चालतं," ती म्हणाली.

माझी सून पुढं झाली. नावं, वयं, शिक्षण सांगितलं. मग मुलीनं बघण्याचं, ऐकण्याचं, आठवण्याचं विचारलं. चष्मा लावूनही दिसत नाही असं कोण आहे का. जिना चढताना त्रास होतो असं कोण आहे का.

"जिना कुठाय?" आक्का रस्त्याकडं बघतच म्हणाली. "तू बांधून देतीस काय?"

मुलगी हसली, पुन्हा शिंकली. मग म्हणाली, "शरीराच्या त्रासामुळं काम बंद झालंय, असं कोण आहे का घरात?"

"न्हाय," सून म्हणाली. "सगळी धडधाकट."

"या आज्जी?"

"थोरल्या आत्या व्हय? विड्या बांधत्यात की. दिसतंय न्हवं?"

"आणि त्या आतल्या?"

"त्याबी बांधत्यात."

मी आत भिंतीला टेकून बसले होते. माझे गुडघे केव्हाचेच गेलेत. पाण्याची घागर मी उचलत नाही, उकिडवी बसू शकत नाही, चूल सोडून गॅस आला म्हणून स्वयंपाक करते. पण ज्या कामाला मांडी घालून बसलं की भागतं ते काम मी करते, म्हणून मी धडधाकट. मी तोंड उघडणार होते. पण त्या दोघी माझ्याकडं न बघता माझ्याविषयी बोलत होत्या. बांधत्यात, बघत्यात, ऐकू येतंय त्यांना. माणूस गेल्यावर भेटायला आलेल्या बायका असंच बोलतात, प्रेत मधे ठेवून. मला वाटलं आता मी बोलले तर ही पोरगी दचकेल. मी पुढचं पान उचललं.

मुलगी गेली. जाताना वळून तिनं बारदानाकडं पाहिलं. आक्का बारदानाच्या अर्ध्या भागावर बसली होती. उरलेला अर्धा मोकळा होता. मुलगी उन्हात पायरीवर बसली होती आणि सावलीतलं अर्धं बारदान रिकामं होतं. तिला ते खटकलं असणार. मलाही तेव्हाच पहिल्यांदा दिसलं.

दुसऱ्या दिवशी मी माझं सूप घेऊन त्या मोकळ्या जागेवर बसायला गेले. आत डोळ्यांना त्रास व्हायचा.

"तिथं नगो," आक्का म्हणाली.

"का गं? जागा हाय की."

"म्हंटलं न्हवं, नगो. आत बस. मला वारं लागू दे."

त्या दिवशी वारं नव्हतं.

मग विडीची गोष्ट झाली. संध्याकाळी दोघींच्या विड्या एकत्र करून जुड्या बांधायचं काम माझं. बांधताना मी बघत नाही, अंगठा फिरवते. अंगठा एका विडीवर अडला. घडी उलटी होती. मी ती उजेडात नेली. पान उलट्या अंगानं वळलेलं, तोंड उलटं मुडपलेलं, आणि नखाची खूण जिथं सासूबाईंची असायची तिथंच. मला वाटलं जुनी एखादी कुठंतरी कोपऱ्यात पडून राहिली असेल. पण पान ताजं होतं, अजून ओलसर.

मी भुताखेतांवर विश्वास ठेवत नाही. आमच्या गल्लीत अंगात येणाऱ्या बायका आहेत, मी त्यांच्या पाया पडत नाही. पण विडी हातात होती. ती मी जुडीत घातली. दुसऱ्या दिवशी तशा बऱ्याच होत्या. पंधरवड्यात आक्काच्या सुपातल्या जवळजवळ सगळ्या तशाच यायला लागल्या.

माल घेऊन मी कारखान्याच्या वखारीत गेले. तिथला तपासनीस म्हातारा आहे, डोळ्याला जाड भिंग, आमच्या सासूबाईंपासूनचा. जुडी उघडून त्यानं एक विडी बोटात फिरवली आणि थांबला.

"कुणाची गं ही?"

"आमचीच."

"तुमची न्हवं ही. ही डावरीची हाय." त्यानं भिंगातनं माझ्याकडं पाहिलं. "म्हातारी संकेश्वरला गेलती न्हवं?"

"तिथंच वारली. किती वरसं झाली."

"मग?"

"मग काय? माल चांगला हाय का न्हाय ते सांगा."

"चांगला हाय की," तो म्हणाला. "तिचा कधी वाईट न्हवता." त्यानं ती विडी जुडीत परत घातली नाही. बाजूला, भिंतीच्या फटीत ठेवली. का ठेवली ते मी विचारलं नाही.

घरी येऊन मी आतल्या खोलीत गेले. खुंटी रिकामी होती. सूप नव्हतं, कात्री नव्हती. खुंटीखाली भिंतीवर सुपाच्या आकाराची स्वच्छ जागा होती, भोवती तंबाखूची धूळ. सुनेला विचारलं.

"मी न्हाय काढलं," ती म्हणाली. "मला वाटलं तुमीच."

त्यानंतर मी दुपारी कान देऊन बसायला लागले. दुपारी गल्ली गप्प असते. शिलाई मशीनही थांबतं, सून जरा पडते. आक्काची पाठ मला दिसायची, पदर डोक्यावरून घेतलेली. कात्री वाजायची. तिचा आवाज मला ओळखीचा होता. साधी कात्री कचकच करते. सासूबाईंची उलट्या पात्यांची, ती घासल्यासारखी वाजायची, सुक्या पानावरून पाल गेल्यासारखी. आणि मधेच आक्का हळू आवाजात बोलायची.

"व्हय... असं व्हय... आंगठा खाली... बरं, आत्या."

आत्या म्हणजे सासूबाई. आम्ही सासूला आत्याच म्हणतो.

माझ्या अंगावर काटा आला. तो आला हे मी लपवत नाही. पण काटा आला म्हणून मी बसून राहणारी नाही. एक दिवस मी मागच्या दारानं निघाले, न्हाणीकडून बोळात, बोळातून रस्त्यावर, गुडघे धरत धरत. घराला वळसा घालून समोरून आले. आक्का मान खाली घालून होती, तिला मी दिसले नाही.

तिच्या पुढ्यात सासूबाईंचं सूप होतं. ती डाव्या हातानं विडी वळत होती. दोरा दातात धरलेला. उजवा हात सुपाच्या कडेवर पालथा ठेवलेला होता, पानावर वजन ठेवल्यासारखा. त्याची बोटं हलत नव्हती. त्या बोटांवर तंबाखूची धूळ बसली होती, भिंतीवर बसते तशी. हलत्या हातावर धूळ बसत नाही.

"आक्का," मी म्हटलं.

तिनं वर पाहिलं. दोरा तोंडातून पडला. तिनं उजवा हात पदराखाली घेतला. डाव्या हातानं उचलून घेतला, दुसऱ्याची वस्तू उचलावी तसा.

"कवापासनं?"

"पावसाळ्यापासनं. तवा जरा जरा जड झाला, मग ह्या उन्हाळ्यात एक दिस सकाळी उठली आन् हात झोपूनच राहिला."

म्हणजे पाहणीवाली आली तेव्हाही हात जायला लागलेलाच होता.

"डाक्टरला दाखवायचं न्हवं?"

"दाखवलं की सगळ्यांस्नी कळणार. कळलं की बारदान आत. आन् मग गुंजी." ती रस्त्याकडं बघत बोलत होती. "तुझा पोरगा वाईट न्हाय गं. पर त्यो बोलला हुता, ऐकलंय मी. आतल्या खोलीत खाट घालायची म्हंतोय. थोरल्या आत्यांचं काम थांबलं की बघू, म्हंतोय. मी तिथं मरणार न्हाय. त्या झाडात. तू सांगू नगो."

"न्हाय सांगत. पर डाव्या हातानं कसं जमलं तुला? साठी उलटल्यावर?"

"आत्यांनी शिकवलं की."

"आक्का."

"खोटं सांगतीय व्हय? दुपारी बसत्यात हितं." तिनं मानेनं बारदानाचा मोकळा भाग दाखवला. "माझं चुकलं की हातावर मारत्यात. आधी मारायच्या तशाच." आणि ती हसली, दोऱ्याचं टोक पुन्हा दातात घेऊन.

मी आत गेले. मला समजलं होतं की काय झालंय. उजवा हात गेला, म्हणून तिनं डाव्याला कामाला लावलं. डाव्याला सोयीचं म्हणून डावरीचं सूप आणि कात्री काढली. डाव्या हातानं वळलेली विडी उलटीच येणार. आमच्या सासूबाईंच्या शेजारी बसून ती तरुणपणी काम शिकली होती, बघून बघून डोक्यात राहिलं असणार. सगळं सरळ होतं. फक्त नखाची खूण मला सरळ लावता येत नव्हती. आक्का आयुष्यभर काडीनं तोंड दाबायची, नखानं कधीच नाही.

तिच्या विड्या पहिल्यापेक्षा निम्म्याच व्हायच्या. मी माझ्या वाढवल्या. एकाच कार्डावर माल, कुणाला कळतंय? मी थोडं आधी उठायची, एवढंच. माझ्यावर त्याचं ओझं वगैरे झालं नाही. उलट ती दारात बसलेली बरी होती, रस्त्यावरच्या बातम्या कळायच्या.

वर्ष झालं आणि तीच मुलगी पुन्हा आली. तेच ऊन. मी म्हटलं, "परत का गं? सांगितलं हुतं की सगळं."

"त्याच घरांना परत विचारायचं असतं, आज्जी. काय बदललं ते कळतं."

"आमच्यात काय बदलत न्हाय."

तेव्हा मुलगा घरी होता. आतल्या खोलीत जेवायला बसला होता, दार उघडं. सून त्याला वाढत होती, ती भाकरीचं ताट तसंच ठेवून बाहेर आली. मुलीनं तेच सगळं विचारलं, जिन्यासकट. आक्का या वेळी जिन्यावर काही बोलली नाही. तिची पाठ ताठ झाली होती.

मग मुलीनं यंत्रात बघून ओठ हलवले. तोच प्रश्न असणार. पण मराठी तिचं तिलाच करायचं होतं, आणि या वेळी ते वेगळं झालं.

"एखाद्या दुखण्यामुळं पूर्वीसारखं काम होत नाही, किंवा कमी होतं, किंवा वेगळ्या तऱ्हेनं करावं लागतं, असं कोण आहे का?"

गेल्या वर्षी तिनं काम बंद झालंय का एवढंच विचारलं होतं. बंद कुणाचंच झालं नव्हतं. आता तिनं जाळं बारीक केलं होतं. यातून आक्का सुटत नव्हती. खरं म्हणजे मीही सुटत नव्हते, माझे गुडघे होते. आणि सूनही, मशीनवर वाकून तिची कंबर धरते. पण मशीन आणि चूल बंद पडली म्हणून या गल्लीत कुणाला विसाव्याला पाठवत नाहीत. ते दारातल्या बाईलाच.

आतून ताटाचा आवाज थांबला. मुलगा ऐकत होता.

"न्हाय," सून म्हणाली.

मुलीनं बोट यंत्रावर नेलं आणि थांबली. तिचं लक्ष आक्काच्या हाताकडं गेलं होतं. वाईट मनानं नाही. पोरीला बघून गंमत वाटली होती.

"आज्जी, तुम्ही डावऱ्या आहात? गेल्या वेळी मी बघितलंच नव्हतं."

आक्काचा हात थांबला. दोरा दातात तसाच. मी बसल्या जागी माझ्या मुलाची पाठ पाहिली. त्याला या बाईनं लहानपणी भरवलंय, उजव्या हातानं. तो घास हातात धरून बसला होता, घास तोंडात जात नव्हता.

"व्हय," सून म्हणाली. तिचा आवाज नेहमीसारखाच होता, भाजीचा भाव सांगावा तसा. "आमच्या घरात थोरल्या बाईचा हात डावाच असतोय."

"म्हणजे?"

"म्हंजे तसंच असतंय. पहिल्यापासनं."

मग आतून मुलाचा आवाज आला.

"व्हय की. माझी आज्जीबी डावरी हुती." आणि ताट पुन्हा वाजायला लागलं.

मुलीनं मान हलवली, यंत्रावर बोट टेकवलं आणि पुढचा प्रश्न घेतला. पाण्याचा नळ घरात आहे का. आक्का विडीचं तोंड मुडपत होती. नखानं.

मुलगी गेल्यावर मुलगा हात धुऊन बाहेर पडला. दारातून जाताना त्यानं मोकळ्या बारदानावर पाय टाकला नाही, बाजूला वळून, त्याच्या कडेनं, अंग चोरून गेला. त्याला काय कळलं, काय नाही, मी आजवर विचारलेलं नाही. खाटेचं मात्र तो पुन्हा बोलला नाही.

मी सुनेला गाठलं. "तुला कवा कळलं गं?"

"आत्या, त्यांचा आंबाडा कोण घालतंय रोज?" ती म्हणाली. "तुझा हात हलका हाय म्हंत्यात मला. हात हलका! शिवणाऱ्या बाईचा! जुंधळ्याची भाकरी डाव्या हातानं मोडत्यात, ते मला दिसत न्हाय व्हय?"

"मग पहिल्या वेळी..."

"पहिल्या वेळीबी ठावं हुतं."

"आन् ते थोरलीच्या हाताचं? ते कुठनं काढलंस?"

ती ओट्यावरचं भांडं पुसत राहिली. "काय म्हाईत," ती म्हणाली. "मी दुसरंच बोलणार हुती. तोंडातनं तेच आलं."

आक्का त्यानंतरच्या थंडीत गेली. दारात, बारदानावर, दुपारी. मी आत होते, कात्रीचा आवाज थांबला म्हणून मान वर केली. ती भिंतीला टेकलेली, डाव्या हातात अर्धी वळलेली विडी, उजवा हात सुपाच्या कडेवर. गुंजीचा भाचा दिवसकार्याला आला, पोटभर जेवला, गुंजीला किती छान हवा आहे ते सांगून गेला. मला हसू आवरेना. सुनेनं मला चिमटा काढला.

दारातली जागा माझी झाली. सासूबाईंचं सूप आणि कात्री मी स्वतः खुंटीला टांगली, पुसून. माझं सूप माझं आहे, उजव्या कडेला झिजलेलं. माझा उजवा हात ठणठणीत आहे. मी रोज सकाळी मूठ वळून बघते.

सुनेनं सांगितलं की ती पाहणीवाली या उन्हाळ्यात परत येईल. येऊ दे. मी विचारलं, काय सांगणार गं तू तिला? ती म्हणाली, सांगायचं काय, सगळी धडधाकट.

परवा दुपारी ती आतून पाण्याचा तांब्या घेऊन आली आणि माझ्यामागं उभी राहिली.

"आत्या, नीट मधोमध बसा की. एवढं बारदान असून कडेला का बसलाय?"

मी खाली पाहिलं. मी अर्ध्या बारदानावर बसले होते. केव्हा सरकले होते, मला आठवत नव्हतं. उरलेला अर्धा भाग मोकळा होता, आणि ऊन माझ्या मांडीपर्यंत आलं होतं, तिथं आलेलं नव्हतं.

"तांब्या हिकडनं दे," मी म्हटलं. "तिथं नगो ठेवू."